नाण्यांवरील माती

माझ्या मेजाच्या खणांत एका कांचेच्या डबींत शिशाचा एक लहानसा गोल तुकडा ठेवलेला आहे. त्यावर आतां कांहींच दिसत नाहीं. एका बाजूस धनुष्याच्या टोंकासारखी एक रेघ उरली आहे, एवढेंच; तीसुद्धां मीं दाखविल्यावांचून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वीस-बावीस वर्षांपूर्वीं हा तुकडा माझ्या हातीं आला तेव्हां त्याच्या कडेनें ब्राह्मी अक्षरें होतीं. तीं कोणीं पुसलीं, असें विचाराल तर मींच. चिंचेच्या कोळानें आणि शिरक्यानें, एका दुपारीं, मोठ्या हौसेनें. जुन्या नाण्यांविषयीं चार शब्द बोलावयाचे, तर आरंभ या तुकड्यापासून करणेंच प्रामाणिकपणाचें होईल.

मी कांहीं इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, सातारा आणि सांगली या दोन गांवीं शाळामास्तरकी, आणि तीही बहुतेक गणित व भूगोल या विषयांची. नाण्यांचा नाद लागला तो साताऱ्यास. तेथें एका तांबटाच्या दुकानीं मोडींत आलेल्या घागरी-तपेल्यांबरोबर जुने तांब्याचे पैसे येत, आणि तो ते भांड्यांच्याच भावानें वजनावर देई. पहिली शिवराई मीं वर्गांतील मुलांस दाखविण्याकरितां घेतली. मुलांनीं ती हातोहात फिरविली, एकानें दांताखालीं धरून पाहिली, आणि तास संपला. मुलें ती विसरलीं. मास्तर मात्र त्यांत अडकला.

शिवराई आपणांपैकीं पुष्कळांनीं देव्हाऱ्यांत पाहिली असेल. एका बाजूस श्री, राजा, शिव अशीं तीन ओळींत अक्षरें, दुसऱ्या बाजूस छत्र आणि पति. हें वाचून मला पहिलीं दोन वर्षें असें वाटे कीं, आपल्या डब्यांतील प्रत्येक पैसा रायगडावर पडलेला आहे. पुढें कळलें कीं, १६७४ च्या राज्याभिषेकापासून जी ही मुद्रा चालली, ती महाराजांच्या मागें दीडशें वर्षें आणि त्याहूनही अधिक काळ निरनिराळ्या टांकसाळींतून पडतच राहिली. अक्षरांचें वळण, पति या शब्दांतील वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ, ओळींमधल्या रेघा, कडेचे ठिपके, वजन, हीं सारीं पाहून कोणती आधींची आणि कोणती मागची तें ठरवावें लागतें. जिच्यावर दोन आडव्या रेघा असतात तिला दुदांडी म्हणत. १८१८ मध्यें पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारनेंसुद्धां कांहीं वर्षें हीच दुदांडी शिवराई पाडली आणि तिच्यावर फसली सन घातला. राज्य ज्यांनीं घेतलें त्यांनाच त्या राज्याच्या संस्थापकाच्या नांवाचा पैसा पाडावा लागला, कारण बाजारांतील माणूस दुसरा पैसा विश्वासानें घेईना. हें मला कोणत्याही पाठ्यपुस्तकानें शिकविलें नव्हतें. तें तांबटाच्या मोडींत मिळालें.

आतां त्या शिशाच्या तुकड्याकडे वळतों. माझा एक विद्यार्थी कऱ्हाडच्या खालच्या अंगाचा, कृष्णाकांठीं मळी असलेल्या घरचा. शिक्षण आटोपून तो शेतीस लागला होता. एका पावसाळ्यानंतर दरड कोसळली तेथें त्याला हें नाणें सांपडलें. तें तंबाखूच्या कागदांत गुंडाळून तो माझ्याकडे घेऊन आला. कऱ्हाड हें गांव फार जुनें. मध्यप्रदेशांत भारहुत येथें जो प्राचीन स्तूप होता, त्याच्या कठड्यावर करहाकट येथील निगमानें दिलेल्या दानाचा लेख आहे. तें करहाकट म्हणजेच आपलें कऱ्हाड. शेजारीं आगाशिवाच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. अशा ठिकाणीं दरडींतून नाणें निघालें यांत नवल नव्हतें. नवल होतें तें माझ्या उतावीळपणाचें. नाण्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचा घट्ट थर होता; त्याखालून चार-पांच अक्षरें डोकावत होतीं. सगळीं वाचतां यावींत म्हणून मीं तें रात्रभर शिरक्यांत ठेविलें आणि सकाळीं चिंच लावून घासलें. तांब्याच्या शिवराया मी अशाच घासत असे, मग शिशाला काय होणार, असा माझा हिशेब. घासतां घासतां पांढरें पाणी निघालें. मला वाटलें, मळ निघतो आहे. मळ नव्हता, नाणेंच जात होतें.

घरास रंग देण्याकरितां पूर्वीं जो सफेता वापरीत तो कसा करीत, हें मला मागाहून एका रंगाऱ्यानें सांगितलें. शिशाच्या पट्ट्या शिरक्याच्या वाफेंत ठेवावयाच्या. कांहीं आठवड्यांत शिसें गळून त्याची पांढरी भुकटी होते. ती भुकटी म्हणजे सफेता. दोन हजार वर्षें ज्या नाण्यानें मातींत काढलीं त्याचा मीं एका रात्रींत सफेता करावयास घेतला होता. त्याच कारणानें शिशाचें नाणें नव्या लांकडाच्या पेटींत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांतही ठेवूं नये. लांकडांतून आणि पुठ्ठ्यांतून तीच आंबट वाफ हळूहळू सुटत असते. मी तें आधीं सागवानी पेटींतच ठेवीत होतों, हेंही सांगून टाकतों.

काय गेलें, हें समजावयास आणखी वर्षभर लागलें. १८७७ मध्यें कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर शिशाचीं व मिश्रधातूचीं नाणीं सांपडलीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तीं वाचलीं आणि त्यांवर निबंध लिहिला. त्यांवर तीन नांवें येतात : वासिठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गोतमीपुत्र विळिवायकुर. एका बाजूस धनुष्यबाण आणि कडेनें राजाचें नांव. दुसऱ्या बाजूस टेकडीसारखें चैत्याचें चिन्ह आणि कठड्यांतील झाड. या राजांचा ना कोणता शिलालेख, ना पुराणांत उल्लेख. तरी त्यांचा क्रम आपणांस ठाऊक आहे, आणि तो कसा ठाऊक झाला हें ऐकण्यासारखें आहे. त्या काळीं जुनें नाणें वितळवून नवें करण्याऐवजीं पुष्कळदां जुन्यावरच नवा छाप मारीत. नवा छाप पुरता बसला नाहीं, तर त्याच्या आडून जुन्याचीं अक्षरें दिसतात. सिवलकुराचा छाप वासिठीपुत्राच्या नाण्यावर बसलेला आढळतो, आणि गोतमीपुत्राचा त्या दोघांच्याही नाण्यांवर. ज्याचें नांव वर तो मागचा, ज्याचें खालीं तो आधींचा. एवढ्या साध्या तर्कावर एका राजघराण्याची वंशावळ उभी आहे. अलेक्झांड्रियाचा भूगोलवेत्ता टॉलेमी यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत हिप्पोकूरा नांवाचें नगर बलेओकूरोस राजाची राजधानी म्हणून नोंदलें आहे. तो बलेओकूरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असें अनेक विद्वान् मानतात.

माझ्या तुकड्यावर धनुष्य होतें. अक्षरांपैकीं शेवटचीं दोन मीं त्या दुपारीं वहींत उतरून ठेविलीं होतीं. तीं मला रस अशीं वाटलीं आणि आंब्याचे दिवस असल्यानें मला त्याचें हंसूंही आलें. पुढें कळलें कीं, तीं कुरस या शब्दाचीं शेवटचीं अक्षरें, म्हणजे अमक्या कुर राजाचें, अशा षष्ठी विभक्तीचीं. तीन राजांपैकीं कोणता, आणि खालीं दुसऱ्याचा छाप होता कीं नाहीं, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

ब्रह्मपुरीचें नांव निघालें म्हणून रोमची गोष्ट येथेंच सांगतों; कारण नाण्यांचा छंद आहे असें म्हटलें कीं, शंभरांतील नव्वद जण रोमन नाण्यांविषयींच विचारतात. त्या टेकडीवर १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजच्या वतीनें सांकळिया आणि दीक्षित यांनीं उत्खनन केलें. तेथून मिळालेल्या काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची एक वीतभराहूनही लहान मूर्ति आहे. ती कोल्हापुरास टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. उघडें अंग, एक हात उंचावलेला. त्या हातांतील त्रिशूळ गेला आहे. भूमध्य समुद्राकांठची ती मूर्ति सह्याद्रि चढून पंचगंगेपर्यंत आली ती व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून. त्या व्यापाराचें वर्णन एका ग्रीक खलाशानें पहिल्या शतकांत करून ठेविलें आहे. त्यांत भडोच, कल्याण, चौल हीं बंदरें येतात, पैठण व तेर हीं आंतील शहरें येतात, आणि भडोचास काय काय उतरे त्याची यादी येते : मद्य, तांबें, कथील, शिसें, आणि सोन्या-रुप्याचीं रोमन नाणीं, ज्यांवर देशी पैसा घेतांना बरा बटाव मिळे. रोमचा प्लिनी तक्रार करतो कीं, हिंदुस्थान वर्षास पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. मिरीं, मलमल, मोतीं यांपायीं.

मग तीं नाणीं आमच्याकडे सांपडत कां नाहींत? दक्षिणेंत सांपडतात. तेलंगणांत अक्कनपल्ली येथें एकाच सांठ्यांत १५३१ रोमन चांदीचीं नाणीं निघालीं. तमिळ मुलुखांत पुदुकोट्टईस १८९८ मध्यें ५०१ सोन्याचीं मिळालीं. त्यांतील बहुतेकांच्या मुखवट्यावर छिन्नीचा घाव घातलेला होता, म्हणजे पैसा म्हणून तें पुन्हां चालूं नये, सोनें म्हणून चालावें. महाराष्ट्रांत असे सांठे फार थोडे. विद्वानांचा एक तर्क असा आहे कीं, इकडे आलेली चांदी येथल्या राजांनीं आटवून आपलीं नाणीं पाडलीं. तर्काला जोर आणणारी एक गोष्ट डोळ्यांनीं पाहतां येते. क्षहरात राजा नहपान याचें चांदीचें नाणें हातांत घ्या. एका बाजूस राजाचा मुखवटा आणि त्याच्याभोंवतीं ग्रीक अक्षरें. अक्षरें ग्रीक पण शब्द आपले, रञो क्षहरातस नहपानस. राजाचा मुखवटा नाण्यावर घालण्याची रीतच परदेशी. सोन्याचाही एक पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें दान दिल्याचा हिशेब तेथें कोरला आहे : सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या भावानें. गणिताच्या मास्तरास हा लेख फार आवडतो. शिळेवर कोरलेलें त्रैराशिक दुसरीकडे कोठें मीं पाहिलेलें नाहीं.

याच नहपानाचीं नाणीं १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगलटेंभी येथें निघालीं. तेरा हजारांहून अधिक. आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलें चैत्याचें चिन्ह ठोकलेलें. चैत्याच्या कमानींतून नहपानाचें नाक, कान, केंस बाहेर डोकावतात. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा पाडाव केला हें नाशिकचा लेख सांगतोच. पण पराभूत राजाचा खजिना हातांत घेऊन त्याच्या तोंडावर मारलेला विजेत्याचा शिक्का ज्यानें एकदां पाहिला, त्याला तो लेख निराळ्याच रीतीनें कळतो. हें नाणें कोणीं चकचकीत करावयास घेतलें तर पहिल्यांदा जाईल तें खालचें पुसट नाक. आणि तें नाक गेलें कीं नाण्याचा निम्मा अर्थ गेला.

सांगलीस आमच्या आळींत एक वृद्ध काकू होत्या. त्यांच्या नातवानें कोठें तरी वाचलें कीं, आजीच्या माळेंतील पुतळ्या रोमन असाव्यात. तो मला बोलावून घेऊन गेला. काकूंनीं माळ पदरावर ठेविली आणि एक पुतळी बोटानें दाखवून म्हणाल्या, "मास्तर, हा उभा आहे तो राम, आणि हा गुडघे टेंकून बसला आहे तो मारुति. रोमबिम कांहीं नाहीं." मीं भिंग लावलें. नातूही चुकला होता आणि काकूही. पुतळी म्हणजे व्हेनिस नगरीचें डुकाट. उभा आहे तो संत मार्क. गुडघे टेंकून त्याच्या हातून निशाण घेणारा तो व्हेनिसचा अधिपति. मागल्या बाजूस अंडाकृति चौकटींत ताऱ्यांमध्यें येशू ख्रिस्त उभा. १२८४ पासून १७९७ मध्यें तें प्रजासत्ताक बुडेपर्यंत हें नाणें एकाच तऱ्हेनें पडत राहिलें. सोनें उत्तम आणि वजन साडेतीन ग्रॅम. म्हणूनच आपल्या सराफांचा त्यावर विश्वास बसला आणि आपल्या बायकांच्या गळ्यांत त्याची माळ आली. काकूंच्या माळेंतील तीन पुतळ्या खऱ्या व्हेनिसच्या होत्या. बाकीच्या येथल्याच सोनारांनीं घडविलेल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या काड्या झाल्या होत्या. हें सगळें सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "असेल हो. पण सासूबाईंनीं मला राम म्हणूनच दिला." मीं माळ त्यांच्या हातांत परत दिली. ओळख पटविणाऱ्यानें कोठें थांबावें, हेंही त्यास कळावयास हवें.

रोमन नाणें ओळखावयाचें तर दोन तऱ्हा मनांत पक्क्या ठेवाव्यात, कारण हिंदुस्थानांत चांदीचीं जीं सांपडतात त्यांत याच दोन अधिक. एक ऑगस्टसचें : मागें त्याचे दोन नातू उभे, मध्यें ढाली आणि भाले. दुसरें टायबेरियसचें : मागें आसनावर बसलेली स्त्री, हातांत काठी आणि डहाळी. या चांदीच्या नाण्याचें वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. नीरोनें इसवी सन ६४ मध्यें तें घटविलें, आणि गंमत अशी कीं, आपल्याकडे त्यानंतरचीं हलकीं चांदीचीं नाणीं फारशीं आलींच नाहींत. येथला सराफ रोमच्या बादशहापेक्षां कांटा बरा ओळखीत होता. बाजारांत रोमन म्हणून जें दाखविण्यांत येतें त्यांतील पुष्कळसें ओतीव असतें. खरें नाणें दोन ठशांमध्यें धरून घणानें ठोकलेलें. भिंगाखालीं त्याचा पृष्ठभाग घट्ट दिसतो. ओतीवावर बारीक छिद्रें असतात, अक्षरांचे कोपरे साबणासारखे गुळगुळीत असतात, आणि कडेला सांच्याची शिवण किंवा ती घासल्याची खूण असते. तेर, कोंडापूर अशा जागीं मात्र रोमन नाण्याचे मातीचे ठसे सांपडतात, वर ओंवण्याकरितां भोंक किंवा कडी असलेले. ते लबाडीचे नव्हेत. ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या गरिबाचे दागिने. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अशा वस्तु आपल्या गांवच्या पांढरींतून आयुष्यभर वेंचल्या. आज त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय तेथें आहे. आमच्यासारख्या हौशी माणसांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें.

आतां स्वच्छतेविषयीं. मला विचाराल तर पहिलें काम स्वच्छतेचें नव्हेच. नाणें जसें आलें तसें, मातीसकट, तोलावें. दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. कोठें, केव्हां, कोणत्या थरांत, कशाबरोबर मिळालें तें लिहावें. मग शुद्ध केलेलें पाणी, ज्याला डिस्टिल्ड म्हणतात तें, कांचेच्या भांड्यांत घेऊन नाणें त्यांत बुडवावें आणि रोज पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांत क्षार असतात, तें टाळावें. आठवडा लागेल, महिना लागेल. माती मऊ झाली कीं बाभळीच्या कांट्यानें किंवा बांबूच्या काडीनें भिंगाखालीं कण कण उचलावा. लोखंडी सुई, तारेची कुंचली, वाळू, रांगोळी यांचें नांव काढूं नये. चिंच, लिंबू, शिरका यांचें तर नाहींच. युरोपांतील हौशी लोक नाणीं ऑलिव्हच्या तेलांत महिनोन्महिने बुडवून ठेवीत. आमच्याकडे कोणी खोबरेल लावतात. तेलांतही आम्ल असतें आणि तें तांब्यास हळूहळू खातें. मी तेल सोडलें आहे. शिशास हात लावल्यावर हात धुवावेत, हें मुलाबाळांच्या घरांत विशेष सांगावें लागतें, कारण तें विष आहे.

तांब्यावर जो हिरवा किंवा तपकिरी घट्ट थर असतो तो कीट नव्हे, तें नाण्याचें कातडें आहे. अक्षरें पुष्कळदां त्या थरांतच शिल्लक असतात. खालीं धातु खाऊन गेलेला असतो. थर काढला कीं अक्षरेंही निघून जातात. भ्यावें तें दुसऱ्या एका हिरव्यास. फिकट, पिठासारखा, बोट लावतांच निघणारा ठिपका दिसला तर समजावें कीं, नाण्यांत मिठाचा अंश आहे. हवेंतील ओल मिळाली कीं तो आम्ल तयार करतो, तें आम्ल तांबें खातें, आणि पुन्हां आम्ल तयार होतें. साताऱ्याच्या पावसाळ्यांत हा रोग फार. असें नाणें वेगळें काढावें, कोरडें ठेवावें, आणि जाणत्यास दाखवावें.

ही विद्या मी ऑगस्ट २०१९ मध्यें पुरती शिकलों. त्या महापुरांत सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. माझ्या घरीं तें खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत होतें. शेजाऱ्यांनीं आम्हां दोघांस होडींतून काढलें. नाण्यांचा डबा कपाटाच्या खालच्या फळीवर राहिला. आठ दिवसांनीं परत आलों. डब्यांत गाळ, गाळांत नाणीं. नाणीं एकही हरवलें नव्हतें. ज्या शिवराया मीं तरुणपणीं चिंचेनें उजळविल्या होत्या त्यांतील बऱ्याच महिन्याभरांत फिकट हिरव्या पडल्या. ज्यांना हात लावला नव्हता त्या जशाच्या तशा निघाल्या. पण खरी हानि निराळीच होती. प्रत्येक नाणें मीं कागदी पाकिटांत ठेविलें होतें आणि तें कोणत्या गांवचें, कोणी दिलें, केव्हांचें, हें पाकिटावर शाईनें लिहिलें होतें. पाकिटांचा लगदा झाला होता. दोनशें नाणीं माझ्यापुढें ताटांत मांडलेलीं, आणि त्यांतील निम्म्यांचीं गांवें मला आठवेनात. धातु शिल्लक राहिला; त्याची हकीकत पाण्याबरोबर गेली. आतां मी वहीला दोन प्रती ठेवतों, पेन्सिलीनें लिहितों, आणि एक प्रत साताऱ्यास माझ्या धाकट्या भावाच्या घरीं असते.

जमिनींत सांपडलेलें धन ठेवून घेतां येत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. दहा रुपयांवर किंमत असलेला निधि सांपडला तर सांपडणाऱ्यानें कलेक्टरास कळवावयाचें. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील नाणें ही पुराणवस्तु ठरते आणि ती देशाबाहेर नेतां येत नाहीं. लोक भितात आणि रातोरात सोनाराच्या मुशींत सगळें आटवून टाकतात. मीं पहिल्या वेळीं माझ्या विद्यार्थ्यास हें सांगितलें नव्हतें. मलाच माहीत नव्हतें.

महापुरानंतरच्या हिवाळ्यांत तो पुन्हां आला. आतां त्याचे केंस कानांपाशीं पांढरे झालेले. त्याच मळींत, वाहून गेलेल्या बांधाखालीं, त्याला चार नाणीं मिळालीं होतीं. या वेळीं तंबाखूचा कागद नव्हता. प्लास्टिकच्या डबींत मातीसकट आणलीं होतीं, आणि डबीवर गट नंबर लिहिला होता. "गुरुजी, पाणीसुद्धां लावलें नाहीं," असें तो मला म्हणाला. मीं भिंगांतून पाहिलें. एकावर, मातीच्या फटींतून, धनुष्याचा वांक आणि त्याच्या खालून तिरकें गेलेलें दुसरें कांहीं तरी दिसत होतें. चिन्ह असेल, अक्षर असेल. हात शिवशिवले हें कबूल करतों. डबी बंद केली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस. टी. नें आम्ही दोघे अर्ज घेऊन सरकारी कचेरींत गेलों. तेथील कारकुनानें अर्ज दोनदां वाचला, डबी प्रकाशाकडे धरून पाहिली, आणि किंमत या रकान्यांत काय लिहूं म्हणून विचारलें. अक्षरें वाचून होईपर्यंत तो रकाना मोकळा ठेवा, असें मीं त्यास सांगितलें.